युरोव्हिजनसाठी देशाचे गाणे निवडायचे कोणी: प्रेक्षकांनी, परीक्षकांनी की वाहिनीने?

पूर्वरंग (प्रश्न)

नमस्कार. आम्ही काही वर्षांपासून स्वीडनमध्ये, माल्मो येथे राहतो. येथे फेब्रुवारी लागला की शनिवारची संध्याकाळ मेलोडिफेस्टिवालेनसाठी राखून ठेवली जाते. मे महिन्यात युरोपातील देशांमध्ये होणाऱ्या युरोव्हिजन गीतस्पर्धेसाठी स्वीडनचे गाणे निवडणारी ही स्पर्धा वेगवेगळ्या शहरांतून फिरते आणि मार्चमध्ये स्टॉकहोमला लागून असलेल्या सोल्ना येथील स्टेडियममध्ये तिची अंतिम फेरी होते. त्या दिवसांत शाळेत, कार्यालयात आणि दुकानातील रांगेतही दुसरा विषय निघत नाही, असे म्हटले तरी फारसे अतिशयोक्तीचे होणार नाही. सरकारी अंदाजपत्रकावर इतकी चर्चा झालेली मी तरी ऐकलेली नाही.

याउलट इंग्लंडमधील माझी आतेबहीण सांगते की, तिकडे अलीकडे बीबीसी एके दिवशी गायकाचे नाव जाहीर करते आणि विषय तेथेच संपतो. इटलीत सानरेमोचा गीतमहोत्सव आहे, पण तो मुळात युरोव्हिजनसाठी भरत नाही. म्हणजे स्पर्धा एक, आणि तेथे पोहोचण्याच्या वाटा जितके देश तितक्या.

माझे प्रश्न असे. ज्याला आपण ‘देशाची प्रवेशिका’ म्हणतो ती नेमकी कोणाची असते, सरकारची की आणखी कोणाची? २०२५ मध्ये स्वीडनतर्फे बाझेलच्या युरोव्हिजनला गेलेले तिन्ही गायक फिनलंडचे होते, हे नियमांत कसे बसते? आणि मुख्य प्रश्न असा की, गाणे निवडण्याचा अधिकार सर्वसामान्य प्रेक्षकांना दिल्याने देशाचे भले होते की जाणकारांनी बंद दाराआड निवड करणे अधिक शहाणपणाचे ठरते? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

ओसरी

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत, म्हणून ती आधी देतो.

युरोव्हिजनमध्ये सरकारे भाग घेत नाहीत, प्रक्षेपण संस्था भाग घेतात. १९५० मध्ये स्थापन झालेल्या युरोपीय प्रक्षेपण संघाच्या सदस्य वाहिन्यांनी १९५६ मध्ये स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे ही स्पर्धा सुरू केली, तेव्हा सात देश होते आणि प्रत्येकाने दोन दोन गाणी पाठवली होती. आजही स्वीडनची प्रवेशिका म्हणजे एसव्हीटीची, ब्रिटनची म्हणजे बीबीसीची, इटलीची म्हणजे राईची आणि स्पेनची म्हणजे आरटीव्हीईची प्रवेशिका असते. सहभागाचे शुल्क वाहिनी भरते, करारावर सही वाहिनी करते, आणि गाणे कसे निवडायचे हे ठरवण्याची मुभाही संघाने वाहिनीलाच दिली आहे. ऑस्ट्रेलियासारखा दूरचा देश २०१५ पासून तेथे दिसतो, तोही त्यांच्या एसबीएस या सहयोगी सदस्य वाहिनीला निमंत्रण मिळाले म्हणून.

संघाच्या अटी गाण्याबद्दल आहेत. गाणे तीन मिनिटांपेक्षा लांब नसावे, मंचावर सहापेक्षा अधिक माणसे नसावीत, मुख्य गायन प्रत्यक्ष व्हावे, गायकाचे वय किमान सोळा असावे, आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरपूर्वी गाणे बाजारात आलेले नसावे आणि त्यात राजकीय मजकूर नसावा. गायक किंवा संगीतकार त्याच देशाचा नागरिक असावा, अशी अट संघाने घातलेली नाही. एखाद्या वाहिनीला हवी असेल तर तिने ती आपल्या निवडस्पर्धेपुरती घालावी. म्हणूनच १९८८ मध्ये कॅनडाच्या सेलीन दिओँ स्वित्झर्लंडसाठी गाऊन जिंकल्या आणि १९९७ मध्ये ब्रिटनला विजय मिळवून देणाऱ्या कत्रिना लेस्कानिच मूळच्या अमेरिकन होत्या. २०११ मध्ये अझरबैजान जिंकले त्या गाण्याच्या रचनाकारांत स्वीडनचे लोक होते, ही गोष्ट माल्मोत कोणी ना कोणी आपणांस ऐकवली असेलच.

आता तिसरा प्रश्न. त्याचे उत्तर देताना एका नियमाकडे आधी लक्ष द्यावे लागते, तो म्हणजे गुण देशोदेशींचे ज्युरी आणि प्रेक्षक देतात, पण कोणत्याही देशाला स्वतःच्या गाण्याला मत देता येत नाही. स्वीडनच्या प्रेक्षकांनी फेब्रुवारी आणि मार्चमध्ये कितीही जीव ओतून गाणे निवडले, तरी मे महिन्यात त्याचे भवितव्य ठरवण्याची वेळ येते तेव्हा नेमका त्यांचाच आवाज बंद असतो. जे निवडतात ते गुण देत नाहीत आणि जे गुण देतात त्यांना निवडताना कोणी विचारलेले नसते. प्रत्येक देशाची निवडपद्धत ही या अडचणीतून काढलेली आपापली वाट आहे, असे माझे मत आहे, आणि त्या कसोटीवर या पद्धतींकडे पाहिले की कोणती चांगली आणि कोणती वाईट हा वाद निराळा दिसू लागतो.

तिसरी घंटा

ओसरीकाकांनी मुद्दा बरोबर मांडला आहे. त्याला धरून स्वीडनबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण त्यांनी ही अडचण जितक्या वेळा नव्याने सोडवून पाहिली तितकी क्वचितच कोणी पाहिली असेल.

१९५८ मध्ये स्वीडन पहिल्यांदा स्पर्धेत उतरले तेव्हा अ‍ॅलिस बाब्स यांची निवड आतल्या आत झाली होती, आणि पुढच्या वर्षापासून निवडस्पर्धा सुरू झाली. १९७३ मध्ये निर्णय तज्ज्ञ परीक्षकांच्या हाती होता. त्या वर्षी जे चौघे पुढे आब्बा म्हणून जगभर गाजले, त्यांचे गाणे परीक्षकांनी तिसऱ्या क्रमांकावर ठेवले. लोकांना ते मुळीच पटले नाही आणि टीका झाली. पुढच्या वर्षी तज्ज्ञांच्या जागी देशाच्या निरनिराळ्या भागांतील मंडळे आली, त्यांनी आब्बाला निवडले आणि ब्रायटनमध्ये स्वीडनने पहिल्यांदा स्पर्धा जिंकली. तज्ज्ञांवरचा तेथील लोकांचा अविश्वास या घटनेपासून पक्का झाला, असे म्हणण्याचा मोह होतो.

आज आपण जी फिरती स्पर्धा पाहता तिला २००२ मध्ये, स्पर्धेची धुरा सांभाळणाऱ्या क्रिस्टर ब्यॉर्कमन यांच्या काळात, हे रूप आले. खुल्या आवाहनाला दोन-तीन हजार गाणी येतात, त्यांतून निवड समिती काही गाणी घेते, उरलेल्या जागांसाठी वाहिनी स्वतः गायक-संगीतकारांना बोलावते, आणि २०२४ पासून तीस गाणी पाच प्राथमिक फेऱ्यांत विभागून सादर होतात. म्हणजे प्रेक्षकांनी निवडले असे आपण म्हणतो तेव्हा हजारोंतून तीसवर येण्याचे काम आधीच वाहिनीच्या बंद खोलीत होऊन गेलेले असते. हे येथे मुद्दाम नोंदवते, कारण लोकांची निवड आणि वाहिनीची निवड या दोन टोकांच्या गोष्टी आहेत असे चित्र नेहमी रंगवले जाते.

खरी गंमत अंतिम फेरीच्या गुणपद्धतीत आहे. निम्मे गुण स्वीडनचे प्रेक्षक देतात आणि निम्मे गुण आठ परदेशांतील ज्युरी देतात. जे कान मे महिन्यात गाणे ऐकणार आहेत, त्यांतले काही कान मार्चमध्येच बोलावून घ्यायचे, असा हा सरळ हिशेब आहे. मात्र काही वर्षे हा हिशेब फसला होता. मोबाइल अ‍ॅपवरून फुकट ‘हृदये’ देण्याची सोय २०१५ मध्ये आली, तेव्हा लोक एका गाण्यावर न थांबता आवडेल त्या प्रत्येक गाण्याला हृदये देऊ लागले. त्यामुळे सगळ्या गाण्यांच्या टक्केवाऱ्या जवळजवळ सारख्या येऊ लागल्या, प्रेक्षकांच्या गुणांतील फरक पुसट झाला आणि निकाल प्रत्यक्षात परदेशी ज्युरींच्या हाती गेला. २०१७ मध्ये प्रेक्षकमतांत नानो पुढे होते, तरी ज्युरींच्या गुणांवर रॉबिन बेंगट्सन जिंकले. किव्हला ते पाचवे आले, म्हणजे ज्युरींनी काही वाईट निवडले नव्हते, पण घरच्या प्रेक्षकांना आपल्या मताला वजन उरले नाही असे वाटले तर त्यांना दोष देता येत नाही.

यावर २०१९ मध्ये उपाय निघाला. अ‍ॅपवरील मते वयोगटांप्रमाणे वेगळी मोजायची, प्रत्येक गटाने बारा, दहा, आठ असे स्वतःचे गुण द्यायचे आणि दूरध्वनीवरील मतांचा एक निराळा गट धरायचा. आपल्या घरात लहान मूल असेल तर त्याचे मत तीन ते नऊ वर्षांच्या गटात मोजले जाते आणि त्या गटाचे वजन पंचाहत्तरीच्या पुढच्या आजी-आजोबांच्या गटाइतकेच असते. लोकशाहीच्या दृष्टीने हे कितपत योग्य आहे यावर वाद घालता येईल, पण फरक दिसू लागला आणि प्रेक्षकांच्या हाती पुन्हा काहीतरी आले.

२०२५ मध्ये त्याचे फळ दिसले. २०१५ साली व्हिएन्नात स्पर्धा जिंकून दिलेले मोन्स सेल्मर्लोव पुन्हा उतरले होते आणि तेच जाणार असे जवळजवळ सर्वांनी धरून ठेवले होते. परंतु फिनलंडमधील वोरो गावच्या, ‘काय’ या नावाच्या (उच्चार खरोखरच असा आहे) तिघांच्या गटाने तिकडच्या स्वीडिश बोलीत सॉनावर रचलेले विनोदी गाणे गाऊन प्रेक्षकमतांच्या जोरावर त्यांना मागे टाकले. १९९८ नंतर स्वीडनने प्रथमच स्वीडिश गाणे पाठवले. बाझेलमध्ये ते ३२१ गुणांसह चौथे आले.

पूर्वरंग

दोघांचेही आभार. हृदयांचे गणित मला आज समजले, नाहीतर ती नुसती मुलांना गुंतवून ठेवण्याची युक्ती आहे अशी माझी समजूत होती.

तरीही शंका उरते. जर मे महिन्यातील मतदार परदेशी आहेत, तर घरच्या प्रेक्षकांना विचारायचेच कशाला? सरळ परदेशी जाणकारांचे मंडळ नेमावे आणि ते म्हणतील ते गाणे पाठवावे. खर्च वाचेल आणि नंतरची भांडणेही वाचतील.

साशंक

आपण जे सुचवले आहे ते एका देशाने जवळजवळ तसेच करून पाहिले आहे. स्वित्झर्लंडच्या वाहिनीची दूरचित्रवाणीवरील जाहीर निवडफेरी चालू होती, तेव्हा २०१५ ते २०१८ अशी सलग चार वर्षे त्यांना अंतिम फेरी गाठता आली नव्हती. त्यानंतर त्यांनी ती फेरी बंद केली आणि दोन मंडळे नेमली. एकात स्वित्झर्लंडमधील शंभर सर्वसामान्य प्रेक्षक आणि दुसऱ्यात निरनिराळ्या देशांतील, पूर्वी युरोव्हिजनच्या राष्ट्रीय ज्युरीवर काम केलेले जाणकार. दोन्ही मंडळे गाणी ऐकून गुण देतात आणि जनतेला थेट निकाल कळतो. लगेच २०१९ मध्ये चौथा क्रमांक, २०२१ मध्ये तिसरा, आणि २०२४ मध्ये नेमो यांनी माल्मोलाच स्पर्धा जिंकली, तेव्हा आपण कदाचित तेथेच असाल.

परंतु हा सगळा हिशेब विजयावर थांबवणे बरोबर होणार नाही. मधल्या २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत हीच पद्धत वापरून स्वित्झर्लंड सतराव्या आणि विसाव्या स्थानावर राहिले. २०२५ मध्ये तर नमुनेदार प्रकार घडला. यजमान स्वित्झर्लंडतर्फे गाणाऱ्या झोए मे यांना ज्युरींनी २१४ गुण दिले, प्रेक्षकांकडून शून्य मिळाले आणि त्या दहाव्या आल्या. जाणकारांच्या मंडळाने निवडलेले गाणे जाणकारांना आवडते, यात नवल ते काय? ज्या चाळणीतून पीठ चाळाल तसेच पीठ हाती येणार.

आपल्या आतेबहिणीच्या बीबीसीचेही तसेच आहे. २०२१ मध्ये आतल्या आत निवडलेल्या जेम्स न्यूमन यांना ज्युरी आणि प्रेक्षक या दोन्हींकडून शून्य मिळाले. पुढच्या वर्षी आतल्या आतच निवडलेले सॅम रायडर ४६६ गुणांसह दुसरे आले आणि बंद खोलीचे गोडवे गाणारे लेख निघाले. त्याच्या पुढच्या वर्षी घरच्याच मैदानावर, लिव्हरपूलला, ब्रिटन पंचविसावे आले, आणि २०२४ व २०२५ या दोन्ही वर्षी प्रेक्षकांकडून पुन्हा शून्य. त्यामुळे अमुक पद्धतीने यश मिळते असे कोणी छातीठोकपणे सांगू लागले की मी सावध होतो. एखाद्या वर्षी एक उत्तम गाणे आणि एक उत्तम गायक सापडला की पद्धत शहाणी ठरते, इतकेच मला दिसते.

ओसरी

साशंक यांचा इशारा मान्य आहे. तरी दोन उदाहरणे अशी आहेत की त्यांतून पूर्वरंग यांच्या ‘घरच्यांना विचारायचे कशाला’ या प्रश्नाला थेट उत्तर मिळते, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध टोकाची आहेत.

पहिले स्पेनचे. २०२२ मध्ये आरटीव्हीईने बेनिडोर्म येथे नवी निवडस्पर्धा सुरू केली. निम्मे गुण ज्युरींचे, उरलेल्यांपैकी निम्मे दूरध्वनीवरील मतांचे आणि निम्मे लोकसंख्येचा नमुना म्हणून निवडलेल्या प्रेक्षकमंडळाचे. गॅलिशियन भाषेत गाणाऱ्या तानशुगेइरास या तिघींना दूरध्वनी आणि प्रेक्षकमंडळ या दोन्हींत पहिले स्थान मिळाले. तरीही एकूण बेरजेत त्या तिसऱ्या ठरल्या आणि ज्युरींची पसंती असलेल्या शानेल जिंकल्या. त्यानंतर जे झाले ते गाण्याच्या स्पर्धेला न शोभणारे होते. कामगार संघटनेने निवडपद्धतीवर आक्षेप घेतला, राजकीय पक्षांनी संसदेत प्रश्न विचारले आणि समाजमाध्यमांवरील शिवीगाळीला कंटाळून शानेल यांनी ट्विटर सोडले. वास्तविक त्या बिचारीने फक्त गाणे म्हटले होते, गुणांचे सूत्र काही तिने ठरवले नव्हते.

मे महिन्यात त्याच शानेल तुरिनला ४५९ गुणांसह तिसऱ्या आल्या. १९९५ नंतर स्पेनला इतके यश मिळाले नव्हते. परत आल्यावर त्यांचे जे स्वागत झाले ते पाहता, जानेवारीत विरोध करणारे सगळे कोठे गेले असा प्रश्न पडावा. आता यावरून ज्युरीच बरोबर असतात असा निष्कर्ष काढावा काय? माझ्या मते नाही, कारण तिघींना पाठवले असते तर काय झाले असते हे कोणालाच कधी कळणार नाही. या प्रकरणातून कळते ते इतकेच की, लोकांना मत विचारून मग ते बाजूला सारले तर परिणाम न विचारण्यापेक्षाही वाईट होतो. ब्रिटनमध्ये नाव जाहीर झाल्यावर लोक कुरकुरतात, स्पेनमध्ये लोकांना आपली फसवणूक झाली असे वाटले.

दुसरे उदाहरण इटलीचे, आणि मला व्यक्तिशः ते सर्वांत उद्बोधक वाटते. सानरेमो १९५१ पासून भरतो, म्हणजे तो युरोव्हिजनपेक्षा जुना आहे आणि युरोव्हिजनची कल्पनाच त्यावरून घेतलेली आहे. अरिस्तोन नाट्यगृहात सलग पाच रात्री चालणाऱ्या या महोत्सवात युरोपला काय आवडेल याचा विचार कोणी करत नाही. गाणी इटालियन किंवा तेथील बोलींतच असावी लागतात, ती बहुधा तीन मिनिटांपेक्षा लांब असतात, आणि विजेत्याला युरोव्हिजनला जाण्याचा केवळ पहिला हक्क मिळतो. तो नको असेल तर नाकारता येतो. २०१६ मध्ये स्तादियो या गटाने नकार दिला आणि फ्रान्चेस्का मिकियेलिन गेल्या, २०२५ मध्ये ओल्ली यांनी नकार दिला आणि लुचो कोर्सी गेले. २०२१ मध्ये मोनेस्किन गेले तेव्हा त्यांना गाणे कापून तीन मिनिटांत बसवावे लागले आणि काही शिव्याही गाळाव्या लागल्या. त्यानंतर ते जिंकले हे सर्वांना ठाऊक आहे.

इटली १९९७ नंतर बरीच वर्षे स्पर्धेबाहेर होती. २०११ मध्ये ती परतली आणि २०१४ व २०१६ सोडता २०२५ पर्यंत प्रत्येक स्पर्धेत पहिल्या दहांत राहिली. त्यांतल्या २०१४ मध्ये सानरेमोला बाजूला ठेवून राईने एम्मा यांना आपल्या अधिकारात निवडले होते आणि त्या एकविसाव्या आल्या, हा केवळ योगायोग नसावा असे मला वाटते. जे गाणे घरच्यांसाठी रचले आहे, घरच्यांनी आठवडाभर भांडून तपासले आहे आणि बाहेर जाण्याआधीच रेडिओवर गाजले आहे, त्या गाण्यात आणि ते गाणाऱ्या माणसात एक प्रकारचा निश्चिंतपणा येतो. दुसऱ्याला काय आवडेल याचा अदमास घेत रचलेल्या गाण्यात तो सहसा नसतो. म्हणून घरच्यांना विचारायचे. ते परदेशी मतांचा अंदाज अचूक करतात म्हणून नाही, तर त्यांच्या तावडीतून सुटलेले गाणे पुढे कोठेही उभे राहू शकते म्हणून. २०२३ मध्ये फिनलंडच्या केरिया यांनी फिनिश भाषेत गाऊन प्रेक्षकांकडून ३७६ गुण मिळवले, त्या वर्षी जिंकलेल्या लोरीन यांना प्रेक्षकांकडून २४३ मिळाले होते. फिनिश कळणारे लोक फिनलंडबाहेर किती असतील?

साशंक

इटलीच्या बाबतीत एक पुरवणी जोडतो. सानरेमोतही सगळे आलबेल नसते. २०२४ च्या शेवटच्या फेरीत नेपल्सच्या बोलीत गाणाऱ्या जोलिये यांना प्रेक्षकांची साठ टक्के मते मिळाली, तरी पत्रकार आणि रेडिओवाल्यांच्या मतांमुळे आंजेलिना मांगो जिंकल्या आणि दक्षिण-उत्तर हा जुना वाद पुन्हा उकरला गेला. फरक इतकाच की, तेथे भांडण सानरेमोसाठी होते, युरोव्हिजनची आठवण त्यात कोणाला नव्हती.

झुळूक

निवड झाली म्हणजे गाणे पाठवले गेले असे नसते, याचीही दोन उदाहरणे द्यावीशी वाटतात. जर्मनीत २०१५ मध्ये प्रेक्षकांनी आंद्रेआस क्युमर्ट यांना निवडले आणि त्यांनी थेट प्रक्षेपणातच मंचावरून नकार दिला. दुसऱ्या क्रमांकाच्या अ‍ॅन सोफी यांना जावे लागले आणि त्या शून्य गुण घेऊन परतल्या. आधीच दुसरी पसंती म्हणून जाहीर झालेल्या गायिकेला इतर देशांनी पहिली पसंती द्यावी, ही अपेक्षाच अवघड होती.

युक्रेनचे प्रकरण याहून गंभीर आहे. २०१९ मध्ये निवडफेरी जिंकलेल्या मारुव यांचे रशियातील कार्यक्रमांवरील बंदी आणि करारातील इतर अटींवरून वाहिनीशी बिनसले. त्यानंतर विचारणा झालेल्या इतर गटांनीही जाण्यास नकार दिला आणि शेवटी युक्रेनने कोणालाच पाठवले नाही. २०२२ मध्ये अलिना पाश जिंकल्या, पण रशियाच्या ताब्यातील क्रिमियाच्या त्यांच्या २०१५ मधील प्रवासाच्या कागदपत्रांवरून वाद झाला आणि त्यांनी माघार घेतली. प्रेक्षकमतांत पहिल्या आणि एकूण दुसऱ्या आलेल्या कालुश ऑर्केस्ट्राचे नाव २२ फेब्रुवारीला पक्के झाले, आणि २४ तारखेला युद्धाला तोंड फुटले. तुरिनमध्ये त्यांना ६३१ गुण मिळाले, त्यांतले ४३९ प्रेक्षकांचे होते. त्या मतांत गाणे किती आणि युद्ध किती, हे वेगळे काढता येणार नाही.

पाठवायचे की नाही हाही निर्णय वाहिनीचाच असतो, हे डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा दिसले. इस्रायलच्या सहभागाच्या प्रश्नावरून स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया आणि आइसलँड येथील वाहिन्यांनी २०२६ ची स्पर्धा टाळण्याचे जाहीर केले. स्पेनने बेनिडोर्मची स्पर्धा मात्र चालू ठेवली. ज्या निवडस्पर्धेतून कोणालाच कोठे पाठवायचे नाही, ती लोकांनी कितपत मनापासून पाहावी हा ओसरीकाकांच्या सानरेमोच्या मुद्द्याला लावून बघण्यासारखा प्रश्न आहे.

कानसेन

धागा वाचताना सारखी आठवण झाली ती ऑस्करसाठी भारताचा चित्रपट निवडण्याची. तेथेही फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची समिती एकच चित्रपट निवडते आणि त्याला मते देणारे सगळे परके असतात. २००४ मध्ये ‘श्वास’ आणि २०१५ मध्ये ‘कोर्ट’ हे मराठी चित्रपट भारतातर्फे गेले, तेव्हा आपल्याकडे अभिमान दाटून आला होता. ‘श्वास’च्या वेळी अमेरिकेतील प्रचारासाठी लोकांकडून निधी उभा करावा लागला होता, हे अनेकांना आठवत असेल. फरक असा की, समितीने काय निवडावे याबद्दल आपल्याकडे वाद होतात ते निवड जाहीर झाल्यानंतर. स्वीडनमध्ये तो वाद निवड होण्याआधी, सहा शनिवार, दूरचित्रवाणीवर आणि मोजून गुण देऊन होतो. आपल्या समितीने अंतिम पाच-सहा चित्रपट आधी जाहीर करून त्यांवर महिनाभर चर्चा होऊ दिली, तर निदान ते चित्रपट लोक पाहतील तरी.

पूर्वरंग

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या घरी दरवर्षी होणारा वाद आता थोडा अधिक माहितीनिशी होईल. एक शेवटची व्यावहारिक शंका विचारते. मे महिन्यात आम्ही स्वीडनमधून स्वीडनला मत देऊ शकत नाही, हे कळले. पण पुण्यातील माझे आईवडील आमच्या गाण्याला मत देऊ शकतात काय?

तिसरी घंटा

होय, देऊ शकतात. २०२३ पासून स्पर्धेत नसलेल्या देशांतील प्रेक्षकांना स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावरून ऑनलाइन मत देता येते. त्यासाठी आपल्या देशाचे बँककार्ड लागते आणि थोडे पैसे पडतात. अशा सगळ्या देशांची मते एकत्र करून ती एकाच देशाची मते म्हणून धरली जातात, त्यामुळे पुण्याच्या मताला माल्मोतील एका मताइतके वजन येईलच असे नाही. मात्र स्वीडनला मत देण्याच्या बाबतीत आपल्या आईवडिलांना आपल्यापेक्षा अधिक अधिकार आहे, हे त्यांना जरूर कळवावे.